पुढल्या वर्षीं पाहूं : बेसबॉलचे शरदांतील सामने व त्यांचें वाङ्मय

ऑक्टोबर महिना लागला कीं अमेरिकेच्या उत्तरेकडील शहरांतून झाडांचीं पानें पिवळीं पडूं लागतात, संध्याकाळीं हवेंत गारवा येतो, आणि वसंतऋतूंत सुरू झालेला बेसबॉलचा हंगाम निकालास येतो. या अखेरच्या सामन्यांस तिकडे 'पोस्टसीझन' म्हणतात. त्यांतील शेवटच्या मालिकेचें नांव 'वर्ल्ड सीरीज'. नांवांत सारें जग असलें तरी खेळणारे संघ अमेरिकेंतील, व एक कॅनडांतील टोरोंटोचा. याच दिवसांत या खेळाचे रसिक आणखी एक गोष्ट आवडीनें करतात : बेसबॉलवरील पुस्तकें एकमेकांस सुचवितात. सामना डोळ्यांपुढें चालला असतां ग्रंथाची आठवण कां व्हावी? या प्रश्नाचें उत्तर खेळाच्या रचनेंतच सांपडतें.

क्रिकेट जाणणारास बेसबॉल समजणें अवघड नाहीं. एका संघाचे नऊ खेळाडू असतात. नव्वद फूट बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. त्यांनाच 'बेस' म्हणतात. 'पिचर' सुमारें साठ फुटांवरून, टप्पा न पाडतां, चेंडू फेंकतो. फलंदाज तो टोलवून ठाण्यामागून ठाणें गांठीत मूळ जागीं परतला कीं एक धाव होते. तीन गडी बाद झाले कीं पाळी दुसऱ्या संघाकडे जाते. अशा प्रत्येकीं नऊ पाळ्या होतात, आणि बरोबरी राहिल्यास निकाल लागेपर्यंत आणखी पाळ्या खेळतात.

एकूण संघ ३०. प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, म्हणजे बहुतेक रोज एक. २०२२ सालापासून त्यांतील १२ संघ पोस्टसीझनमध्यें येतात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पांचांची, आणि पुढील दोन्ही सातांच्या. जो आधीं निम्म्याहून अधिक सामने जिंकेल तो पुढें जातो. सहा महिन्यांचे कष्ट अशा रीतीनें कांहीं दिवसांच्या तराजूंत तोलले जातात. दीर्घ हंगामांत गुण दिसून येतो. तोकड्या मालिकेंत मात्र एखादा निसटलेला झेलही पारडें फिरवितो. शिवाय तीसांपैकीं एकच संघ विजयी व्हावयाचा, म्हणजे उरलेल्या एकोणतीस संघांच्या चाहत्यांच्या वांट्यास दरवर्षीं निराशाच येणार.

दैवाचा हा वांटा किती मोठा, हें मायकेल लुइस यांच्या 'मनीबॉल' (२००३) या पुस्तकावरून कळतें. ओकलंडचा संघ पैशानें दुबळा होता. त्याचे व्यवस्थापक बिली बीन यांनीं खेळाडू निवडतांना रूढ मतें बाजूस सारून आंकडेशास्त्राची कास धरली. फलंदाज बाद न होतां किती वेळां ठाण्यावर पोहोंचतो, या दुर्लक्षित आंकड्यास त्यांनीं महत्त्व दिलें. २००२ सालीं या संघानें लागोपाठ २० व एकूण १०३ सामने जिंकले. परंतु पोस्टसीझनच्या पहिल्याच मालिकेंत मिनेसोटाच्या संघानें त्यास हरविलें. आंकड्यांची विद्या खोटी ठरली नाहीं. पांच सामन्यांत तिला पुरेसा अवसर मिळाला नाहीं इतकेंच.

पहिली वर्ल्ड सीरीज १९०३ सालीं बोस्टन व पिट्सबर्ग यांच्यांत झाली. पुढें १९०४ सालीं न्यूयॉर्कच्या एका संघानें खेळण्यास नकार दिल्यामुळें आणि १९९४ सालीं खेळाडूंच्या संपामुळें ती चुकली. महायुद्धांच्या काळांतही तिच्यांत खंड पडला नाहीं. आरंभीं लोक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपुढें जमून फलकावरील आंकडे वाचीत. १९२१ सालीं ही मालिका प्रथम रेडिओवरून ऐकूं आली, आणि मैदान घरांत आलें.

डोरिस कर्न्स गुडविन यांचें 'वेट टिल नेक्स्ट इयर' (१९९७) हें आत्मकथन अशाच एका घराचें आहे. न्यूयॉर्कजवळच्या उपनगरांत वाढलेल्या या मुलीस वडिलांनीं लहानपणींच सामन्याची नोंद वहींत ठेवण्यास शिकविलें. ती दुपारीं रेडिओ ऐकून चेंडूचेंडूंची नोंद करी, आणि वडील कामावरून परतले कीं सारा सामना त्यांस क्रमवार सांगे. पुढें ती नामांकित इतिहासकार झाली. त्यांचा आवडता संघ ब्रुकलिन डॉजर्स. १९४१ ते १९५३ या काळांत तो पांच वेळां वर्ल्ड सीरीजमध्यें पोहोंचला आणि पांचही वेळां न्यूयॉर्क यांकीज संघाकडून हरला. 'पुढल्या वर्षीं पाहूं' हें त्याच्या चाहत्यांचें पालुपदच होऊन बसलें. अखेर १९५५ सालीं तें वर्ष उजाडलें. परंतु १९५७ चा हंगाम संपतांच संघ लॉस एंजेलिसला गेला, आणि ब्रुकलिनचें मैदान ओस पडलें.

याच संघावर रॉजर कान यांनीं 'द बॉइज ऑफ समर' (१९७२) लिहिलें. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस संघांत घेऊन डॉजर्सनीं या खेळांतील वर्णभेदाची भिंत फोडली होती. तरुणपणीं या संघाचे बातमीदार असलेले कान पुढें अनेक वर्षांनीं त्याच खेळाडूंस भेटावयास गेले. रॉय कॅम्पानेला मोटार-अपघातानें पंगू होऊन चाकांच्या खुर्चींत बसलेले होते. कार्ल फुरिलो न्यूयॉर्कच्या उंच इमारतींत लिफ्ट बसविण्याचें काम करीत होते. टाळ्या थांबल्यावर खेळाडूचें आयुष्य कसें जातें, हें या ग्रंथाइतकें प्रांजळपणें क्वचितच सांगितलें गेलें असेल.

या वाङ्मयानें खेळाचा कलंकही झांकलेला नाहीं. १९१९ च्या मालिकेंत शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या खेळाडूंनीं जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचें प्रकरण उघडकीस आलें. न्यायालयांत ज्यूरीनें त्यांस निर्दोष ठरविलें, तरी १९२१ सालीं आठ जणांस या खेळांतून कायमचें बाद करण्यांत आलें. इलियट असिनॉफ यांच्या 'एट मेन आउट' (१९६३) या पुस्तकांत ही हकीकत आहे.

२००४ सालीं स्टीफन किंग व स्ट्यूअर्ट ओ'नॅन या दोन कादंबरीकारांनीं आपल्या आवडत्या बोस्टन रेड सॉक्स संघाच्या हंगामाची रोजनिशी लिहिली. योगायोग असा कीं, त्याच शरदांत यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने गमावूनही बोस्टननें पुढील चारही जिंकले, आणि ८६ वर्षांनीं वर्ल्ड सीरीज मिळविली. शिकागो कब्ज संघास तर १०८ वर्षें थांबावें लागलें. २०१६ सालीं तो जिंकला तेव्हां लोकांनीं त्याच्या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूनें नांवें लिहिलीं. त्यांतील पुष्कळशीं नांवें हा दिवस पाहण्यापूर्वींच निवर्तलेल्या वडिलांचीं व आज्यांचीं होतीं.

ऑक्टोबरांत ग्रंथांची आठवण होते ती यामुळें. निकाल एका रात्रींत लागतो, पण वाट पाहणें पिढ्यान्‌पिढ्या चालतें. आणि त्या वाट पाहण्याची नोंद गुणफलकावर नसते, पुस्तकांत असते. नवख्या वाचकानें गुडविनबाईंपासून आरंभ करावा, कारण त्यासाठीं खेळाचे नियमही पाठ असावे लागत नाहींत. मग लॉरेन्स रिटर यांचें 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' (१९६६) घ्यावें. वृद्ध खेळाडूंचे बोल ध्वनिमुद्रित करून तें सिद्ध झालें आहे, म्हणून तें मोठ्यानें वाचून दाखविण्यास विशेष गोड लागतें.