मिट्ठूची तपासणी

पोपट हातात धरताना छाती मोकळी सोडावी लागते. आपल्यासारखं श्वासपटल पक्ष्याला नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते, म्हणून मूठ आवळली की तो हातातच गुदमरतो. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठात हे मला एका मदतनिसाने सांगितलं, हातातल्या पक्ष्यावरची नजर न हलवता. “पहले गर्दन, फिर पंख,” तो पुटपुटला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या हातावर जुने-नवे ओरखडे होते. पोपट किंचाळत होता, चोच फिरवत होता, पण त्या हाताची पकड ना घट्ट झाली ना सैल. दुसऱ्या कुणीतरी विष्ठाद्वारात कापसाची काडी फिरवली, नळीत टाकली, नाव-नंबर लिहिला. अर्ध्या मिनिटात पक्षी परत दांडीवर.

मी तिथे गेले ती शहरातल्या एका मराठी घरातलं दृश्य डोक्यातून जाईना म्हणून. जबलपुरात पाळलेल्या पोपटाला सगळे मिट्ठूच म्हणतात. त्या घरातल्या आजी डाळिंबाचा दाणा ओठांत धरायच्या आणि मिट्ठू तो चोचीने अलगद उचलायचा. प्रेमाबद्दल शंकाच नव्हती. त्या दाण्याबरोबर काय काय इकडून तिकडे जात असेल, हे मात्र मला जाणून घ्यायचं होतं.

प्रयोगशाळेत काडी बशीतल्या माध्यमावर ओढतात आणि बशी रात्रभर 37 अंशांच्या कपाटात ठेवतात. ई. कोलाय हा जंतू असला तर सकाळी त्याच्या वसाहती दिसतात, एका माध्यमावर गुलाबी, तर दुसऱ्यावर सोनकिड्याच्या पाठीसारख्या हिरव्या चमकणाऱ्या. साल्मोनेला उगवला तर लाल माध्यमावर काळे ठिपके उमटतात. काम झालेल्या बश्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात, आणि त्या वेळचा उकडलेला, आंबूस, मांसासारखा वास संध्याकाळीही माझ्या ओढणीला होता.

कॅम्पिलोबॅक्टर या जंतूसाठी मात्र वेगळं कपाट लागतं, कमी प्राणवायूचं आणि 42 अंशांचं. “पक्ष्याचं अंगच बेचाळीसच्या आसपास असतं,” तिथली संशोधक म्हणाली. तो आकडा मला सोडेना. 42 अंश ताप चढलेल्या माणसाचा जीव धोक्यात असतो, आणि पक्षी तेवढ्या उष्णतेत निवांत दाणे सोलत असतो. हा जंतूही तिथे सुखाने राहतो. बहुतेक वेळा पक्ष्याला काही होत नाही, माणसाच्या पोटात गेला की जुलाब, मुरडा, ताप.

पण पोपटाचं नाव बदनाम व्हायला फार वेळ लागत नाही. 1892 मध्ये पॅरिसमध्ये बाहेरून आणलेल्या पोपटांमुळे न्यूमोनियासारखी साथ पसरली. नोकार या फ्रेंच पशुवैद्याने मेलेल्या पोपटांच्या वाळलेल्या पंखांतून एक जंतू वेगळा केला आणि दोष त्याच्यावर ठेवला. तो निघाला साल्मोनेलाच्या कुळातला. खरा कारणीभूत जंतू, क्लॅमिडिया सिटॅसी, 1929-30 च्या मोठ्या साथीत हाती लागला. तेव्हा अमेरिकेने पोपटांची आयातच बंद केली. हा जंतू पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे बशीत उगवत नाही. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो श्वासात जातो. म्हणजे बशी कोरी राहिली, एवढ्यावरून पक्षी निर्धोक ठरत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते औषधांच्या चकत्यांनी. जंतू पसरलेल्या बशीवर प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. माझ्यासमोरच्या बशीत दोन चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. ज्या पक्ष्याला कुणी कधी गोळी दिली नाही, त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारा जंतू येतो कुठून? संशोधकाने सावध केलं: कुणी कुणाला दिला हे एका बशीवरून ठरत नाही, त्यासाठी जनुकं ताडून पाहावी लागतात. तिचं बरोबर आहे. तरी माझा कल लपवत नाही. दाणे-फळं खाणाऱ्या निरोगी पोपटाच्या आतड्यात ई. कोलाय सहसा वस्तीला नसतो. वाटीतलं शिळं पाणी, बाजारातले खचाखच भरलेले पिंजरे, न धुतलेले हात, आजींचे ओठ, हे सगळं आपलं आहे. त्याच्या 42 अंशांच्या पोटात आपण आपले जंतू नेऊन ठेवतो आणि मग त्याला वाहक म्हणतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. जप्त केलेले, लोकांनी आणून दिलेले पक्षी त्यामुळेच तपासणीला येतात. “लोग पुण्य समझकर छत से उड़ा देते हैं,” मदतनीस म्हणाला. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. माणसाळलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. आणि जितके दिवस जगेल तितके दिवस तो पोटातले जंतू थव्याच्या पाणवठ्यावर सांडत राहतो. म्हणून मी आजींना सांगितलं: विष्ठा झाडूने झाडू नका, ओली करून पुसा, नंतर साबणाने हात धुवा, ओठांतून दाणा देऊ नका, आणि मिट्ठूला गच्चीवरून न सोडता वन विभागाकडे नेऊन द्या. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी लगेच मानल्या. उरलेल्या दोन्हींवर त्यांचं अजून ठरत नाही.