भाडेकरूच्या निधनानंतर घराचा हक्क कोणाचा?

घरातील कर्त्या माणसाच्या दफनविधीला महिनाही लोटत नाही, तोच अनेक कुटुंबांसमोर प्रश्न उभा राहतो: भाडेपावती आता कोणाच्या नावे? मृत्युपत्रात नाव असले की खोली आपली, असा समज आम्हांस वारंवार आढळतो. तो चुकीचा आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ (१५) नुसार, निधनसमयी भाडेकरूसोबत त्या घरात राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. असा कोणी नसल्यास वारसाला हक्क मिळतो. एकमत न झाल्यास न्यायालय निर्णय देते. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या मुंबई भाडे कायद्यासंदर्भात १९९४ साली स्पष्ट केले आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावरील रहिवाशांना मात्र हे संरक्षण नाही.

म्हणून शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद असे एकत्र वास्तव्याचे पुरावे जपावेत. मृत्यूचा दाखला जोडून घरमालकास लेखी कळवावे. भाडे वेळेवर भरून पावती मागावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

आईची शुश्रूषा करीत तिच्याजवळ राहिलेल्या मुलीचा हक्क दूर राहणाऱ्या भावांनी डावलू नये. न्यायालयाची पायरी चढण्याआधी भावंडांनी एकत्र बसून लेखी संमती द्यावी, असे आम्ही सुचवितो.