मी लावलेले दिवे

‘महाराष्ट्रात गाडीला हीटर कशाला?’ असं माझ्या रूममेटने विचारलं. तिला म्हटलं, जुलैत रात्री आंबा घाट चढून बघ! बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसांचा श्वास. पुढच्या गार काचेवर आतून वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. हीटरची गरम हवा काचेवर सोडली की काच दवबिंदूच्या वर तापते आणि वाफ जाते.

आई-बाबा आजीला भेटायला दर पंधरवड्याला कोल्हापूरहून रत्नागिरीला जातात. आमच्या जुन्या गाडीच्या हीटर पॅनेलमागचा दिवा गेला होता. त्यामुळे अंधारात नॉब शोधायला बाबा ऐन वळणावर मान खाली घालायचे आणि आई शेजारी जीव मुठीत धरून बसायची. सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बाबा म्हणाले, “इंजिनिअरिंगला घातलंय ना तुला? बघू काय दिवे लावतेस!”

दिवा एवढासाच असतो. टी-५ म्हणजे काचेचा व्यास ५ मिलिमीटर. १२ व्होल्ट, १.२ वॅट. म्हणजे करंट ०.१ अँपिअर आणि रेझिस्टन्स १२० ओहम. नवा दिवा मल्टिमीटरला लावला तर दहा-बारा ओहमच! दुकानदाराने फसवलं असंच वाटलं. मग आठवलं, टंगस्टन गार असताना रेझिस्टन्स पेटलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो. (व्हायव्हात हेच विचारलं होतं, तेव्हा मी छताकडे बघत होते.)

काम करण्याआधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. निगेटिव्हच आधी, कारण पाना चुकून बॉडीला टेकला तरी काही होत नाही. नॉब सरळ ओढले की निघतात. न निघाले तर फडकं गुंडाळून पकडीने ओढा. मागे दोन स्क्रू असतात. पॅनेलच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालताना त्याला टेप गुंडाळा, नाहीतर जुनं प्लास्टिक कटकन तुटतं. पॅनेलला मागून हीटरच्या केबल जोडलेल्या असतात, म्हणून बेताने ओढायचं. होल्डर पाव फेरा फिरवला की हातात येतो. दिवा त्यातून सरळ उपसायचा. जुन्या दिव्यावरची हिरवी रबरी टोपी नव्यावर चढवायला विसरू नका, नाहीतर पॅनेल पांढरंफटक दिसतं.

मी मात्र घड्याळ परत लावायचा कंटाळा म्हणून बॅटरी सोडवलीच नाही. वर पार्किंगचं बटण चालू. स्क्रू ड्रायव्हर होल्डरच्या पत्रीला आणि लोखंडी ब्रॅकेटला एकदम टेकला. चट्! डॅशबोर्डचे सगळे दिवे गेले. नवा दिवा बसवला, तोही लागेना. मला वाटलं दिवाच खराब, उद्या बघू. संध्याकाळी बाबा गाडी बाहेर काढत होते तेवढ्यात शेजारचे काका ओरडले, “अहो, मागे अंधार आहे!”

माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या गाडीत डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर आहेत. म्हणजे मान खाली घालायला लागू नये म्हणून मी दिवा बसवला, आणि पावसात मागून येणाऱ्या ट्रकला गाडीच दिसली नसती. फ्यूज १० अँपिअरचा, लाल रंगाचा. दुकानात तो नव्हता. तिथला पोरगा सहज म्हणाला, “निळा लावा ना ताई, १५ चा.” अजिबात लावू नका. वायर तापेल, पण फ्यूज उडणार नाही. तार गुंडाळणं तर त्याहून वाईट. चार दुकानं पालथी घालून १० चा मिळवला, तेव्हा कुठे गाडी हलली.

एलईडी लावणाऱ्यांसाठी एवढंच: नाही लागला तर उलटा करून बघा, त्याला पोलॅरिटी असते. काम झाल्यावर पॅनेल बंद करण्याआधी बॅटरी जोडून दिवा लावून बघा, आणि एकदा गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. आईचा त्या रात्री साडेअकराला रत्नागिरीहून फोन आला. बाबा घाटभर रस्त्याकडेच बघत होते म्हणे.