बेचाळीस इंची चाकाचे दोन स्वभाव

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळ देवास गेटचे बसस्थानक आहे. अशा स्थानकावर लागणाऱ्या मोठ्या बसच्या टायरकडे जरा निरखून पाहिले, तर बाजूच्या भिंतीवर बहुधा १०.००-२० किंवा २९५/८० आर २२.५ असा आकडा दिसतो. यातला पहिला टायर उभा मोजला तर सुमारे १०५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकेचाळीस इंच भरतो. खडकांवरून जीप चढवण्याच्या स्पर्धांत अमेरिकेत जे थोराड टायर वापरतात, त्यांची उंचीही ४० ते ४२ इंचच असते. उंचीला दोन्ही जवळजवळ सारखे, पण बसचा टायर खडकाळ घळीत नेला तर घसरेल आणि खडकांवरचा टायर इंदूरच्या रस्त्यावर लावला तर थोड्याच दिवसांत झिजून जाईल. दोन टायरांची तुलना नुसत्या आकाराने का होत नाही, हे या जोडीइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

खडकारोहण, अर्थात रॉक क्रॉलिंग, हा वेगाचा खेळ नव्हे. सर्वांत खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, गुडघाभर किंवा कंबरभर उंचीच्या दगडांवरून गाडी सरकवायची असते. कॅलिफोर्नियातली रुबिकॉनची वाट आणि युटातल्या मोआबचे वालुकाश्म ही या छंदाची प्रसिद्ध क्षेत्रे. कॅलिफोर्नियाच्याच जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून भरणाऱ्या ‘किंग ऑफ द हॅमर्स’ शर्यतीत वाळवंटी वेग आणि खडकांची चढण दोन्हींचा कस लागतो. आपल्याकडे इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी चालवली. तिथल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आणि उज्जैनखालच्या माळव्याच्या पठाराचा पाषाण एकाच कुळातले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचून झालेला हा दख्खनचा बेसॉल्ट.

आधी आकडे वाचू. २५५/६५ आर १८ हा नव्या थारचा एक टायर. रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १८ इंची. दोन्ही भिंती आणि रिम यांची बेरीज केली की उंची येते ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. ३७×१२.५० आर १७ या पद्धतीत मात्र उंची थेट लिहिलेली असते: ३७ इंच उंच, साडेबारा इंच रुंद, १७ इंची रिम. बसच्या १०.००-२० मध्ये दहा इंच ही रुंदी आणि वीस इंच ही रिम. उंची तक्त्यात पाहावी लागते. मधे ‘आर’ असेल तर टायर रेडियल, नुसती रेघ असेल तर आडव्या-तिरक्या धाग्यांचा, ज्याला बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात. छापील ३७ मोजून ३७ भरतेच असेही नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांत अर्ध्या-एक इंचाचा फरक पडतो.

उंचीचा पहिला लाभ आसाखालच्या मोकळ्या जागेत दिसतो, पण तो निम्माच मिळतो. ३१ वरून ३७ इंचांवर गेले तर आस सहा नव्हे, तीनच इंच वर उचलला जातो. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. समोर ३० सेंटिमीटरची उभी पायरी असेल आणि न दबणारे चाक मागून आडवे ढकलून तिच्यावर चढवायचे असेल, तर ३१ इंची चाकाला त्यावरच्या भाराच्या सुमारे ४.१ पट जोर लागतो. ३७ इंचीला २.६ पट आणि ४२ इंचीला २.१ पट पुरतो. म्हणजे उंची पाचव्या हिश्श्याने वाढली की लागणारा जोर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. त्याच दगडावर मोठे चाक कमी उभ्या कोनात आदळते, हे त्याचे कारण.

या लाभाची किंमत यंत्राला मोजावी लागते. चाकाचा परीघ वाढला की इंजिनाचा तोच पीळ जमिनीवर कमी जोर देतो. ३१ च्या जागी ३७ बसवले तर तो जवळजवळ सोळा टक्क्यांनी उतरतो. स्पीडोमीटर तसाच ठेवला तर काटा ६० वर असताना गाडी जवळजवळ ७२ ने धावत असते. जड चाक दगडात अडकून अचानक सुटले की त्याचा झटका आसाच्या दांड्यावर येतो, म्हणून मोठ्या टायरामागोमाग भक्कम आस, खालचे गिअर गुणोत्तर आणि मोठे ब्रेक येतात. आकार वाढवण्याचा खरा खर्च टायरच्या पावतीवर दिसत नाही.

यानंतर हवेचा मुद्दा येतो. समजा एका चाकावर ५०० किलोचा भार आहे. ३० पीएसआय दाबाला टायर जमिनीला ढोबळमानाने २४० चौरस सेंटिमीटर टेकतो, दहा पीएसआयला सुमारे ७१० चौरस सेंटिमीटर. प्रत्यक्षात भिंतीचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून वाढ इतकी होत नाही; तरी हवा सोडली की टायर पोळीसारखा पसरतो आणि दगडाचे कंगोरे आपल्यात सामावून घेतो. इथे रिमचा आकडा कामाला येतो. ३७ इंची टायरची भिंत १७ इंची रिमवर दहा इंच उरते, २० इंची रिमवर साडेआठच. भिंत जितकी उंच, तितका दबायला वाव. दाब फारच कमी केला की टायरची कड रिममधून निसटते. ती बोल्टने आवळून धरणारे ‘बीडलॉक’ कडे त्यासाठी असते.

एवढे सगळे आकड्यांत मावते. चिकटपणा मात्र त्यांत मावत नाही. शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम सांगतो, की स्पर्शाचे क्षेत्र वाढल्याने घर्षण वाढत नाही. रबर हा नियम पाळत नाही. मऊ रबर खडकाच्या सूक्ष्म खाचांत शिरते, काही अंशी पृष्ठभागाला चिकटते, आणि खाचांवरून ओढले जाताना दबून पुन्हा फुलण्यात ऊर्जा खर्च करून घसरण रोखते. कडकपणा शोअर-ए या मापाने मोजतात. रस्त्यावरच्या टायरचा तो साधारण ६० ते ७० असतो. स्पर्धेच्या चिकट टायरचा त्याहून दहा-पंधरा अंकांनी कमी. बीएफ गुडरिचने ‘क्रॉलर’ टायर दोन प्रकारांत काढला होता: निळ्या लेबलचा रस्त्यावर चालणारा आणि लाल लेबलचा मऊ, फक्त स्पर्धेसाठी. घर्षणांक एकवर गेला तर पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या खडकावरही चाक तग धरते.

बसला नेमके उलटे हवे असते. तिच्या टायरात शंभराहून जास्त पीएसआय हवा कोंबलेली असते. उज्जैन ते इंदूर सुमारे ५५ किलोमीटरांत तो साडेसोळा हजार फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दबून-फुलून तापतो. मऊ, हवा कमी असलेला टायर इथे उष्णतेनेच फाटेल.

चिकटपणालाही जमीन निवडावी लागते. कोरड्या, खरबरीत बेसॉल्टवर तो उत्तम. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरले की रबर आणि खडक यांच्यामध्ये बुळबुळीत थर येतो आणि मऊपणाचा फायदा बराचसा जातो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या ऑफ-रोड स्पर्धेत टायरवरच्या चिखल कापणाऱ्या उंच, विरळ ठोकळ्यांचे महत्त्व जास्त, कारण चिखल आपोआप झडून जायला हवा.

मग दोन टायरांची तुलना कशी करावी? प्रथम वाटेतला सर्वांत मोठा दगड पाहावा. उंची त्यावरून ठरते. मग गाडीचे आस आणि गिअर ती उंची पेलतील का, हे तपासावे. त्यानंतर रिम वजा करून भिंत किती उरते ते पाहावे, आणि रबर किती मऊ हवे हे सर्वांत शेवटी ठरवावे. भारतात रस्त्यावर चालणाऱ्या टायरला आयएसआय चिन्ह लागते, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या मनमानी बदलांना आडवे येते. म्हणून रोज कामावर जाणाऱ्या गाडीला मंजूर आकाराचा, मध्यम रबराचा टायर आणि डोंगरात गेल्यावर हवा कमी करण्याची शिस्त पुरेशी आहे. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नये. चिकट बेचाळीस इंची टायर ट्रेलरवरून खडकापर्यंत येणाऱ्या गाडीसाठीच ठेवावा.