भंगारातला संगणक

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला भंगाराचे दुकान असते. तुम्ही त्यावरून रोज जाता-येता. दारात काय काय पडलेले असते? सायकलच्या रिमा, गोडेतेलाचे डबे, झिजलेले फाळ, तांब्याची तार काढून घेतलेल्या मोटारी. हल्ली त्यातच एक पत्र्याची पेटी दिसते. एके काळी ती पांढरी होती, आता उन्हाने पिवळी पडलेली. शेजारी जुन्या टी.व्ही.सारखा काचेचा पडदा उपडा पडलेला असतो. ही पेटी म्हणजे संगणक. बोलताना आपण त्याला कॉम्प्युटर म्हणतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हीच पेटी कचेरीत आली, तेव्हा तिला हार घातला होता, नारळ फोडला होता. पायातले जोडे बाहेर काढून आत जावे लागे. आज ती किलोवर जाते.

ती मेलेली आहे काय? पुष्कळदा नाही. बंद पडलेली आहे, एवढेच. विहिरीवरची मोटार बंद पडली, तर आपण विहीर बुजवतो का? आधी फ्यूज बघतो. संगणकाचे मात्र तसे होत नाही. तो चालेनासा झाला की नवा येतो आणि जुना माळ्यावर जातो. माळ्यावरून भंगारात.

मी स्वतः संगणक शिकलेला नाही. मॅट्रिक झालो, पुढे शिक्षकी केली, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. पण एक जुना संगणक शोधायला मला भंगाराच्या ढिगात हात घालावा लागला. ती हकीकत सांगतो, म्हणजे बाकीचे आपोआप कळेल.

१९९७ साली स्वातंत्र्याला ५० वर्षे झाली. आम्हा चार शिक्षकांच्या मनात आले की, वैराग आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्या दुष्काळात आपल्या सोलापूर जिल्ह्याचे फार हाल झाले. लोकांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, परदेशातून आलेला लाल मिलो दळून खाल्ला, मुलांना सुकडी मिळाली. हे सगळे ऐकून माहीत असते. पण ज्याने भोगले त्याच्या तोंडून ऐकणे वेगळे. आम्ही १४ जणांचे बोल वहीत उतरवले. गावातल्या एका संस्थेत नवा संगणक आला होता. तिथल्या कारकुनाने संध्याकाळी बसून ते मराठीत टाइप केले. पुस्तिका छापायची होती. पैसे जमले नाहीत, ते राहून गेले.

वही माझ्या घरी होती. तिला वाळवी लागली. दोष माझाच. दर उन्हाळ्यात ट्रंक उघडून बघायला हवी होती, ती बघितली नाही.

मग ते बोल राहिले कुठे? फक्त त्या संगणकात. आणि २०२२ साली मला समजले की, संस्थेने जागा बदलली आणि माळा रिकामा केला. सगळे सामान भंगारात गेले होते.

मी तसाच दुकानावर गेलो. बरोबर शेजारचा एक मुलगा होता. आय.टी.आय. झालेला, मोबाइल दुरुस्त करतो. पेटी सापडली. तिच्यावर त्या संस्थेचा लाल रंगात घातलेला नंबर अजून होता. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ह्ये बंद हाय. काय करताव नेऊन?" मी म्हणालो, "वाचायचंय." त्याला वाटले म्हातारा भरकटला. त्याने पेटी काट्यावर ठेवली, ९ किलो भरली. २०० रुपये दिले आणि उचलली.

मुलाने तिथेच झाकण काढून बघितले. बघितले ते बरे झाले. आतली एक पट्टी जागेवर नव्हती.

इथे थोडे थांबून पेटीच्या आत काय असते ते बघू. एका कोपऱ्यात विजेची डबी असते. दुरुस्तीवाले तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. घरातली वीज ती सौम्य करून आत देते. खाली मोठी हिरवी पाटी असते, ती मदरबोर्ड. तिच्यावर बारीक पट्ट्या उभ्या खोचलेल्या असतात. त्यातल्या रॅमच्या पट्टीत चालू काम तेवढे राहते, वीज गेली की पुसले जाते. आणि एक जडशी चपटी डबी असते, तिचे नाव हार्ड डिस्क. ही खरी वही. बाकीचे सारे म्हणजे टेबल, दिवा आणि दौत. पेटी मोडली तरी हार्ड डिस्क धड असेल, तर लिहिलेले शिल्लक असते.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते. ती मिनिटाला काही हजार फेरे घेते. तिच्यावरून एक बारीक काटा, तबकडीला न टेकता, केसाहूनही कमी अंतरावरून फिरतो. धुळीचा एक कण आत गेला तरी ओरखडा पडतो. म्हणून ही डबी स्क्रू काढून कधी उघडू नये. हौसेपोटी उघडली आणि सगळे गेले, असे पुष्कळांचे झाले आहे.

तर ती नसलेली पट्टी. दुकानदाराने विचारल्यावर सांगितले, "त्या सोन्याच्या पट्ट्या वेगळ्या पोत्यात टाकताव." या पट्ट्यांच्या कडेला पिवळे दात असतात. त्यांवर खरेच सोन्याचा मुलामा असतो, अगदी पातळ. सोने गंजत नाही म्हणून तो देतात. पट्ट्या गोळा करून कुणी मोठा व्यापारी नेतो आणि कुठेतरी त्या तेजाबात बुडवतात. सोने गुंजभर मिळते. तेजाब गटारात जाते आणि वाफ त्या मजुराच्या छातीत.

आम्ही पोते उपडे केले. शंभरएक पट्ट्या असतील. अर्ध्या तासाने एक सापडली. तिच्यावर सी-डॅकचे नाव छापलेले होते. मुलगा म्हणाला, "गुरुजी, हीच असणार."

त्याच वेळी दुकानामागे एक पोरगा वायरींचा ढीग पेटवत होता. प्लॅस्टिक जळून तांबे मोकळे व्हावे म्हणून. काळा धूर आमच्या अंगावर आला. त्या धुरात भयंकर विषे असतात. ती अंगात साठून राहतात. तार सोलून काढायला वेळ लागतो, पेटवायला काडी पुरते, म्हणून पेटवतात. मी त्या पोराला बोललो. तो हसला. त्याच्या मालकालाही बोललो. आता ते सोलतात की जाळतात, ते मी रोज बघायला जात नाही. कायदा मात्र आहे. विजेच्या आणि संगणकाच्या कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणी केलेल्या कारखान्यातच मोडावा, असे ते सांगतात. काचेचा पडदा तर कुणीच फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते. शिवाय तो बंद असला तरी आत हजारो व्होल्टचा दाब साठून राहिलेला असू शकतो. एस.एम.पी.एस.ची डबीही तशीच. वायर काढली म्हणजे धोका गेला, असे नाही.

आता दुरुस्ती. यात मला मौज वाटली, कारण सगळे उपाय घरगुती होते.

मदरबोर्डवर एक छोटी बॅटरी होती. पेटी बंद असताना वेळ आणि काही आकडे ध्यानात ठेवायचे, एवढेच तिचे काम. ती फुटून पाझरली होती आणि आजूबाजूला हिरवा गंज चढला होता. मुलाने ती कापून काढली. हा पाझर खाऱ्या जातीचा, म्हणून त्यावर आंबट चालते. त्याने लिंबाचा रस कापसाने लावला. मग मोबाइलवाले वापरतात त्या स्पिरिटने पुसून पाटी दोन दिवस वाळवली. पंखा अडकला होता, त्याला शिलाई यंत्राचे तेल थेंबभर दिले. रॅमच्या पट्टीचे दात पेन्सिलीच्या खोडरबराने घासले. तुमच्याकडे जुना संगणक असेल आणि तो सुरू करताना नुसता पीं पीं करत असेल, तर आधी हे खोडरबर करून बघा. दहातले चार तरी याने उठतात, असा त्या मुलाचा अनुभव आहे.

हार्ड डिस्क त्याने मुद्दाम जोडली नाही. का? वीज बिघडलेली असली तर पहिल्या झटक्याला वहीच जळायची. आधी रिकामी पेटी सुरू करून बघितली. पडद्यावर अक्षरे उमटली.

मी म्हणालो, "लाव आता डिस्क." तो म्हणाला, "नाही गुरुजी. आधी नक्कल." त्याने एक जोडवायर मागवली आणि जुनी डिस्क आपल्या नव्या संगणकाला जोडली. ती खरखरली, थांबली, पुन्हा फिरली. १४ पैकी ९ जणांचे बोल पूर्ण उतरले. ५ उतरले नाहीत.

आम्ही ते नऊ उघडले, आणि माझे तोंड उतरले. मराठी कुठेच नव्हते. नुसत्या विचित्र खुणा. डोक्यावर चढवलेला बारका इंग्रजी तीन पुन्हा पुन्हा दिसत होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या 'ए' चा आकडा ६५ ठरलेला आहे. मराठी अक्षरांचे आकडे सुरुवातीला ठरलेलेच नव्हते. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये यावर काम झाले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि हे काम तिथे वाढले. त्यातून जिस्ट नावाची पट्टी तयार झाली. ही पट्टी खोचली की, इंग्रजी संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आपल्या लिप्यांचे आकडे पक्के केले. त्याला इस्की म्हणतात. इस्कीत 'क' चा आकडा १७९. आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये दुसरीच मोजणी चालते, तिचे नाव युनिकोड. तिच्यात 'क' चा आकडा २३२५. आता नव्या संगणकाने १७९ वाचले, की तो 'क' दाखवत नाही. त्याच्या लेखी १७९ म्हणजे तो डोक्यावरचा तीन.

म्हणजे वही होती, पण लिपी हरवली होती. मोडीचे कागद घरात असावेत आणि मोडी वाचणारा आजोबा गेलेला असावा, तसे. आमचा मोडीवाला आजोबा म्हणजे ती पोत्यात सापडलेली पट्टी. जी लिहिताना होती, तीच जुन्या पेटीवर वाचायलाही लागणार होती.

नक्कल हाती होती, म्हणून आता जुनी डिस्क जुन्या पेटीत लावायला हरकत नव्हती. बॅटरी नसल्याने पेटी दर वेळी सगळे विसरे. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर तीन आकडे छापलेले असतात. दर वेळी सुरू करताना ते आकडे हाताने घालावे लागत. तिसऱ्या दिवशी रात्री पडद्यावर देवनागरी आली. हिरवट, जाड अक्षरे. पहिले वाक्य एका बाईचे होते. खडी फोडताना पोराला पाटीत निजवत असे, आणि पाटीवर लुगड्याचा पदर टाकत असे, कारण खडीची कपरी उडत. ती बाई जाऊन बारा-तेरा वर्षे झाली. तो पोर गावातच आहे, आता आजोबा झाला आहे. त्याला बोलावून आणले. त्याच्या कपाळावर वण आहे. तो कशाचा, हे त्याला त्या रात्री कळले.

इस्कीचे आकडे ठरलेले असल्याने पुढचे काम सोपे गेले. कोणत्या आकड्याच्या जागी कोणता, असा तक्ता करून मुलाने नऊही जणांचे बोल युनिकोडमध्ये आणले. आता ते फोनवर वाचता येतात.

जुने यंत्र झटकून वापरणे आपल्याकडे नवे नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतात १४०१ नावाचे संगणक भाड्याने देई. त्यांतले पुष्कळसे परदेशात वापरून परत आलेले असत. मुंबईच्या कारखान्यात ते दुरुस्त होत आणि इथल्या कचेऱ्यांत नव्यासारखे बसत. जुना माल नव्याच्या भाड्याने देतात, अशी ओरडही झाली. १९७८ साली कंपनी देशातून गेली. तिची यंत्रे चालती ठेवायचे काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीकडे आले. त्या यंत्रांना जास्तीत जास्त १६ हजार अक्षरे ध्यानात राहत. आज एका साध्या फोटोला याच्या शंभरपट जागा लागते. अमेरिकेत माउंटन व्ह्यू या गावी संगणकांचे संग्रहालय आहे. तिथे १४०१ ची दोन यंत्रे निवृत्त इंजिनियरांनी पुन्हा चालू केली आहेत. त्यांतले एक जर्मनीत पडून होते. म्हातारे लोक म्हातारी यंत्रे चालवतात, हे वाचून मला बरे वाटले.

सगळेच जुने संगणक राखावेत, असे मी म्हणत नाही. घरात जागा कुठे आहे? पण तुमच्या सोसायटीत, वाचनालयात, शाळेत जुनी पेटी भंगारात काढायची असेल, तर आधी आतली हार्ड डिस्क काढून घ्या. चार स्क्रू असतात. तिच्यात गावाची नावे, खाती, पत्ते असतात. ते परक्याच्या हाती जाणे बरे नाही, आणि आपल्या हातून जाणेही बरे नाही. ओळखीच्या मुलाकडून तिची नक्कल करून घ्या. आणि पेटीत सी-डॅकची पट्टी असेल, तर ती डिस्कबरोबर ठेवा. जुन्या पेटीवर मराठी त्या पट्टीवाचून दिसणार नाही.

आमच्या पाच जणांचे बोल अजून त्या डिस्कमध्येच आहेत. तबकडीचा जो भाग वाचता आला नाही, तिथे ते आहेत. त्यांत एक माझ्या वर्गातल्या मुलाचे वडील. मुलगा म्हणतो, पुण्यात अशा डिस्क बंद खोलीत, धुळीविना उघडणारे लोक आहेत, पण खर्च फार येतो. आम्ही डिस्क कोरड्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. दिवाळीनंतर पुण्याला जायचे ठरले आहे. डबा वाळवीपासून दूर, भिंतीतल्या कोनाड्यात आहे. तो मी दर रविवारी उघडून बघतो.