तबकडीवरचं नाव

1962 साली शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सनं मडी वॉटर्सच्या आवाजात ‘यू नीड लव्ह’ हे गाणं काढलं. ते लिहिलं होतं विली डिक्सननं. चार वर्षांनी लंडनच्या स्मॉल फेसेस या बँडनं त्यावर बेतलेलं गाणं पहिल्याच अल्बममध्ये स्वतःच्या नावावर घातलं. 1969 मध्ये लेड झेपेलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ आलं. त्यातलेही बरेचसे शब्द डिक्सनचेच होते, पण श्रेयात त्याचं नाव नव्हतं. गाणं जगभर गाजलं. डिक्सननं 1985 मध्ये दावा दाखल केला, 1987 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि पुढे त्याचं नाव त्या गाण्याला लागलं. ही हकीकत बहुधा चोरीचा एक चटकदार किस्सा म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. खरं तर रॉक संगीत कशातून घडलं, याचं उत्तर तिच्यात आहे. ‘रॉक ब्लूजमधून जन्मलं’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं, की ब्लूज म्हणजे मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत आपोआप उगवलेलं, कुणीही धनी नसलेलं लोकसंगीत, अशीच समजूत होऊन बसते. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि अन्यायाचीही. रॉकनं जे घेतलं ते मुख्यतः नावगाव असलेल्या मोजक्या माणसांच्या, तबकडीवर छापून आलेल्या ठरावीक गाण्यांतून घेतलं.

ब्लूजमध्ये सगळ्यांच्या मालकीचं असं काही नक्कीच आहे. ब्लूजचा प्रसिद्ध साचा 12 खंडांचा असतो. प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार खंड षड्जावरच्या कॉर्डचे, पुढचे दोन मध्यमावरच्या, मग दोन पुन्हा षड्जाचे. शेवटच्या चारांत पंचम आणि मध्यमावरून फिरून घरी परत यायचं. शब्दांची मांडणीही तशीच ठरलेली. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गंधार आणि निषाद ना धड कोमल ना धड शुद्ध, दोन्हींच्या मधे कुठेतरी लावायचे. यावर कुणाचाच हक्क नाही. डब्ल्यू. सी. हँडीनं 1912 मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केलं आणि 1920 मध्ये मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची तबकडी तुफान खपली, तोवर हा साचा अनेक हातांतून फिरला होता. 1954 चं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ आणि 1958 चं चक बेरीचं ‘जॉनी बी. गूड’ याच साच्यात बसतात. रॉकनं एवढंच घेतलं असतं, तर ‘परंपरेचं ऋण’ म्हणून विषय मिटवता आला असता.

साठच्या दशकातल्या रॉकची ताकद मात्र या साच्यात नाही. ती आहे रिफमध्ये, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या, लगेच ओळखू येणाऱ्या छोट्या सुरावटीत. आणि रिफ कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी बांधलेली असते. मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर राबत होता. 1941 मध्ये लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सनं तिथे जाऊन त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. 1943 मध्ये तो दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे उत्तरेला शिकागोत आला. गजबजलेल्या दारूगुत्त्यांत साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्यानं विजेवरची गिटार हातात घेतली. भोवती ड्रम, पियानो, ॲम्प्लिफायरमधून घुमणारा माउथ ऑर्गन आले आणि पुढच्या रॉक बँडची रचना जवळजवळ तयार झाली. या ताफ्यासाठी गाणी लिहिणारा माणूस म्हणजे विली डिक्सन, तरुणपणी मुष्टियोद्धा आणि नंतर चेसचा डबल बास वादक. 1954 च्या ‘हूची कूची मॅन’मध्ये वाद्यं एक ठोसा मारून गप्प होतात आणि त्या मोकळ्या जागेत गायक बोलतो. हाउलिन वुल्फनं 1960 मध्ये गायलेलं ‘स्पूनफुल’ जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे, 12 खंडांचा मागमूसही नाही. तेच ‘स्पूनफुल’ 1966 मध्ये क्रीम या बँडनं घेतलं. ‘बॅक डोअर मॅन’ डोअर्सकडे गेलं, ‘आय एंट सुपरस्टिशस’ जेफ बेककडे, ‘लिटल रेड रूस्टर’ रोलिंग स्टोन्सकडे. ‘यू शुक मी’ आणि ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर आली, तीही डिक्सनच्या नावानिशी. इतके वेगवेगळे बँड एकाच माणसाच्या वहीकडे वळतात तेव्हा ‘परंपरा’ हा शब्द फार ढिला पडतो.

शिवाय इंग्लंडमधल्या मुलांजवळ ही परंपरा नव्हतीच. ती मिसिसिपीच्या डेल्टात वाढलेली नव्हती. तिथल्या चर्चमध्ये किंवा गुत्त्यात त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या हाती होत्या तबकड्या. मडी वॉटर्स 1958 मध्ये इंग्लंडला येऊन गेला, 1962 पासून ब्लूज कलाकारांचे युरोपभर दौरे सुरू झाले आणि त्याच वर्षी ॲलेक्सिस कॉर्नरनं लंडनच्या ईलिंग भागात ब्लूजचा अड्डा उघडला. पण मुख्य शिक्षण झालं ते सुई पुन्हापुन्हा मागे ठेवून. रोलिंग स्टोन्सचं नावच मडी वॉटर्सच्या 1950 च्या गाण्यावरून घेतलेलं आहे. रॉबर्ट जॉन्सननं 1936 आणि 1937 मध्ये टेक्ससात मिळून 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 मध्ये, 27 वर्षांचा असताना, तो वारला. कोलंबियानं 1961 मध्ये त्याच्या निवडक गाण्यांची एलपी काढली नसती, तर क्रीमचं ‘क्रॉसरोड्स’ बहुधा झालंच नसतं. आणि तबकडीच्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिणाऱ्याचं नाव असतं. ती मुलं ती अक्षरं भक्तीनं वाचत होती. म्हणून ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ ही सबब माझ्या गळी उतरत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ब्लूजवाले स्वतः तरी कुठे एकमेकांची नावं घेत होते? आक्षेप खरा आहे. जॉन्सनच्या ‘स्वीट होम शिकागो’मागे कोकोमो अर्नॉल्डची चाल आहे, ‘32-20 ब्लूज’मागे स्किप जेम्सचं ‘22-20’. खुद्द मडी वॉटर्सचं ‘रोलिन स्टोन’ जुन्या ‘कॅटफिश ब्लूज’वरून आलं, आणि ‘लिटल रेड रूस्टर’ या डिक्सनच्या कोंबड्याच्या गाण्याआधी चार्ली पॅटननं 1929 मध्ये कोंबड्यावर गाणं केलं होतं. ओळी एका गाण्यातून दुसऱ्यात सहज फिरत. तरी यातून ही गाणी बेवारस होती असं निघत नाही. आपल्याकडे अभंग गावोगावी, शेकडो चालींत गायले गेले, पण शेवटच्या चरणातली नाममुद्रा कवीला सोडत नाही. ब्लूजच्या गाण्यात अशी सोय नव्हती; ते काम तबकडीवरच्या त्या बारीक अक्षरांना करायचं होतं. आणि ज्या देवघेवीत दोघेही सारखेच कफल्लक, सारखेच वगळलेले, ती देवघेव वेगळी. एका बाजूला स्वामित्वधनाचा करार, वकील आणि लाखोंचा खप आला, की जुना रिवाज पुढे करून नाव गाळता येत नाही. रोलिंग स्टोन्सनं 1969 मध्ये जॉन्सनचं ‘लव्ह इन व्हेन’ घेतलं तेव्हा श्रेय वुडी पेन या बनावट नावाला गेलं. हे गाणं आता कुणाच्याच मालकीचं नाही, असा युक्तिवाद पुढे न्यायालयात झाला. 2000 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं तो फेटाळला.

सगळा दोष गोऱ्या रॉक बँडांच्या माथी मारणंही बरोबर नाही. लुबाडणूक शिकागोच्या कचेऱ्यांतच सुरू झाली होती. चेसनं 1955 मध्ये चक बेरीचं ‘मेबलिन’ काढलं तेव्हा त्याच्या लेखनात रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड भागीदार झाला. गाणं वाजवलं जावं म्हणून दिलेली ती किंमत होती. डिक्सन आणि मडी वॉटर्सला चेसशी जोडलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशन संस्थेवरही दावे लावावे लागले. आर्थर क्रडपचं उदाहरण आणखी बोचरं आहे. त्याच्या 1946 च्या ‘दॅट्स ऑल राइट’वर एल्विस प्रेस्लीची कारकीर्द 1954 मध्ये सुरू झाली. एल्विसच्या तबकडीवर क्रडपचं नाव रीतसर छापलेलं होतं, तरी 1974 मध्ये तो मेला तेव्हा हक्काचे पैसे त्याला मिळालेले नव्हते. नाव छापलं की न्याय झाला असं नाही. पण नाव नसेल तर मागणी करायलाही आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप कलेचा आहे: रॉकवाल्यांनी नवं घडवलं, नुसती नक्कल केली नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला श्रेय दिलेल्या गाण्यातच सापडतो. 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी 1929 मध्ये ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ केलं. दोन गिटारी आणि जोचा शांत आवाज, एवढंच त्यात आहे. लेड झेपेलिननं 1971 मध्ये जुन्या वाड्याच्या जिन्याखाली ड्रम मांडून, वर माइक टांगून त्याचं अजस्र, घुमणारं रूप केलं. ते नवंच आहे. श्रेयात बँडच्या चौघांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव आहे, आणि त्यानं त्या चौघांचं कर्तृत्व तसूभरही कमी झालेलं नाही. (मूळ गाणं गाणारा जो मात्र तिथेही वगळला गेला.) रॉकनं या वृद्ध कलाकारांना प्रसिद्धी दिली, असंही म्हटलं जातं. दिली, पण जिथे नाव घेतलं तिथे. 1965 मध्ये अमेरिकी टीव्हीवर रोलिंग स्टोन्सनी हाउलिन वुल्फलाही बोलावण्याचा आग्रह धरला आणि तो गोऱ्या प्रेक्षकांच्या घराघरांत दिसला. क्रीमनं स्किप जेम्सचं 1931 चं ‘आय ॲम सो ग्लॅड’ त्याच्या नावानं घेतलं आणि आजारपणात त्याला त्याचे पैसे मिळाले.

यातलं सगळंच इतिहासजमा झालेलं नाही. मडी वॉटर्सच्या 1964 च्या ‘फोक सिंगर’ अल्बमवर गिटारची साथ करणारा बडी गाय 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये मुंबईकरांसमोर वाजवून गेला. रॉकवर वाढलेल्या श्रोत्याला या गाण्यांकडे वळायचं असेल, तर ‘होल लॉटा लव्ह’नंतर लगेच ‘यू नीड लव्ह’ लावावं, आणि क्रीमच्या ‘स्पूनफुल’नंतर हाउलिन वुल्फचं. काय घेतलं आणि काय नवं घातलं, हे दोन्ही दहा मिनिटांत कानाला कळतं.