दंडावरचा वण



माझ्या वडिलांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. माझ्या दंडावर नाही. हा फरक का पडला, ते आज पाहू. लस टोचावी की नाही, हा हिशेब कसा मांडायचा, हे त्यातून आपोआप उलगडेल.

देवीचा रोग मोठा भयंकर. शंभरांना झाला तर सुमारे तीस दगावत. वाचले त्यांतले काही डोळे गमावून बसत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला आपल्या देशातली पहिली लस टोचली गेली. पुढे गावोगाव देवीडॉक्टर फिरू लागले. लशीने फोड येई, ताप येई. आणि पहिल्यांदाच टोचलेल्या दहा लाखांत एक-दोघांचा जीवही जाई. ही गोष्ट लपवू नये. पण तागडीच्या एका पारड्यात हे एक-दोन, आणि दुसऱ्यात दारोदार फिरणारी देवी! पारडं कुठं झुकेल, हे सांगायला पंडित नको.

१९७५ साली देशात देवीचा शेवटचा रोगी आढळला. १९८० साली जगातूनच देवी गेल्याचे जाहीर झाले. लस तीच, धोका तोच; पण समोरचं पारडं रिकामं झालं. म्हणून सरसकट टोचणे थांबले.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, गोवर तरी हल्ली कुठं दिसतो? मग लेकराला ताप कशाला आणायचा?" प्रश्न रास्त आहे. पण गोवर गेलेला नाही, दबून बसला आहे. २०२२ साली मुंबईत त्याची साथ आली आणि लहान मुलं दगावली. लशीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, पुरळ येऊ शकतो. फार क्वचित लस अंगावर उठते. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबवतात. मूल फार आजारी असेल, तर आधी नर्सबाईंना सांगावं. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. बुडाली तर एका दिवसाची मजुरी.

तेव्हा औषध असो वा लस, चार प्रश्न विचारावेत: फायदा किती, धोका किती, खर्च किती, आणि घेतलंच नाही तर काय? हा चौथा प्रश्न आपण बहुधा विसरतो. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. आणि त्याआधी मुलांना घरी जाऊन आजोबांच्या दंडावरचा वण पाहून यायला सांगावं.